साधेपणाचा जमाखर्च

साध्या राहणीविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातील मोठा भाग त्यागाच्या भाषेत लिहिला गेला आहे. काय सोडले, किती सोडले आणि सोडताना मनाची अवस्था कशी होती, हे त्यात तपशिलाने येते, मात्र सोडलेल्या वस्तूच्या जागी कोणते काम अंगावर आले, ते कोणी केले, त्याला किती तास लागले आणि त्याचा खर्च अखेर कोणाच्या खात्यावर पडला, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. वर्धा शहर आणि त्याच्या परिसरातील मगनवाडी, नालवाडी, सेवाग्राम व पवनार या ठिकाणी १९३४ पासून १९५१ पर्यंत जे प्रयोग झाले, त्यांचे महत्त्व नेमके या ठिकाणी आहे. तेथील माणसांनी साधेपणा हा प्रथम कामाचा आणि हिशेबाचा विषय मानला, आणि त्यामुळे त्यांचा अनुभव, यशासकट आणि फसगतीसकट, आजही तपासून पाहता येतो. उपभोगवाद म्हणजे गरज भागल्यावरही खरेदी थांबू नये, किंबहुना रोज नवी गरज उपजत राहावी, यावर ज्या अर्थव्यवस्थेची गती अवलंबून असते तिच्या अंगवळणी पडलेली जीवनरीत, असे मानले तर तिचे आजचे रूप त्या काळी वऱ्हाड-नागपुरात आलेले नव्हते. परंतु गिरणीचे कापड, रॉकेल, पांढरी साखर, पॉलिश केलेला तांदूळ आणि डब्यातले वनस्पती तूप खेड्याच्या बाजारात पोहोचू लागले होते, आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्यास तेवढे पुरेसे होते.

१९३४ च्या ऑक्टोबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था उभारण्याचा ठराव केला आणि डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचे धनिक जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तीतील घर संघाला दिले. गांधीजींचे सहकारी, १९२८ मध्ये निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे संघटक आणि चिटणीस म्हणून ज्यांनी हे काम अंगावर घेतले ते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा मूळचे तंजावरचे, ख्रिस्ती कुटुंबातले, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची परीक्षा देऊन मुंबईत व्यवसाय थाटलेले गृहस्थ होते. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला आणि सरकारच्या करपद्धतीचा भारताच्या दारिद्र्याशी काय संबंध आहे यावर प्रबंध लिहिला. तो प्रबंध छापण्याच्या निमित्ताने १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमतीस गेले आणि परत आपल्या व्यवसायाकडे वळले नाहीत. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली, तेव्हा पुस्तकी अर्थशास्त्राला न दिसणारी खेड्याची जमाखर्चाची बाजू त्यांच्या प्रथमच इतक्या जवळून पाहण्यात आली.

कुमारप्पांच्या स्वभावातला हिशेबनीस कधी सुटला नाही, आणि तो सुटला नाही म्हणूनच त्यांचे लेखन इतर आश्रमीय लेखनापेक्षा वेगळे वाचले जाते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते आणि स्वयंसेवकांच्या दैनंदिन खर्चावर त्यांनी मोजक्या आण्यांची मर्यादा घातली होती. खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले तेव्हा त्यांच्या फळादुधाचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले, आणि ते मान्य झाले. ही कथा गमतीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला नियम गंभीर आहे. साधी दिसणारी वस्तू स्वस्त असतेच असे नाही, आणि ती महाग पडत असेल तर तो खर्च कोणी तरी दुसरा सोसत असतो, हा तो नियम होय. कुमारप्पांनी पुढे तोच बाजाराला लावला. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ आणि कारावासात लिहून १९४५ मध्ये बाहेर आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकांच्या काळात त्यांच्या विचाराचा रोख असा होता की, वस्तू विकत घेणारा तिच्या किमतीबरोबर तिच्यामागच्या सगळ्या व्यवहाराचाही भागीदार होतो. कोकोच्या एका पेल्याचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले की, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मळ्यांतली सक्तीची मजुरी आणि शस्त्रबळाने राखलेले सागरी मार्ग त्या पेल्यात उतरलेले असतात, आणि पिणाऱ्याला ते ठाऊक नसले म्हणून त्याचा वाटा कमी होत नाही. ज्या वस्तूचा उगम डोळ्यांसमोर असतो तिचा हिशेब माणसाला ठेवता येतो, जी दुरून येते तिचा ठेवता येत नाही. म्हणून जवळच्या वस्तूंवर जगणे हा त्यांच्या दृष्टीने आवडीनिवडीचा भाग नसून जबाबदारीच्या आवाक्याचा भाग होता.

मगनवाडीत हे तत्त्व ज्या वस्तूवर सर्वांत तपशिलाने पारखले गेले ती म्हणजे बैलाचा तेलघाणा. घाण्याचे जुने रूप विदर्भातल्या कोणत्याही तेल्याच्या घरी होते: जमिनीत घट्ट रोवलेले जड लाकडी उखळ, त्यात फिरणारी तिरकी लाट, लाटेला जोडलेला आणि दगडांनी जड केलेला आडवा दांडा, आणि डोळ्यांवर झापडे बांधून गोल फिरणारा बैल. तीळ, जवस किंवा भुईमूग यांचा घाणा घातला की लाटेच्या दाबाने तेल सुटे आणि पेंड उखळाच्या भिंतीला धरे. या जुन्या घाण्याच्या खोडी तेल्यांना ठाऊक होत्या, पण त्या लिहून काढणे आणि एकेक दुरुस्त करणे हे काम मगनवाडीत झाले. झवेरभाई पटेल यांनी त्यावर वर्षे घालविली, आणि त्यातून एका वेळी अधिक बी घेणारा व पेंडीत कमी तेल राखणारा जो सुधारलेला घाणा तयार झाला तो पुढे वर्धा घाणा या नावाने देशाच्या अनेक भागांत गेला. कुमारप्पांच्या लेखी या घाण्याचे महत्त्व तेलाच्या चवीत नव्हते. तेलबी शहरातल्या गिरणीला विकले की शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा येतो, परंतु तेल विकत घ्यावे लागते, पेंड गावात परतत नाही, तिच्या अभावी जनावर खंगते, शेणखताचा कस उतरतो, तेल्याचा धंदा बसतो, आणि पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याला बाहेरून खत आणावे लागते. ही साखळी कागदावर मांडली की, गिरणीचे तेल दुकानात चार पैशांनी स्वस्त का असते आणि गावाला ते महाग का पडते, हे कोणत्याही हिशेबनिसाला समजावे. हातसडीच्या तांदळाबाबतही असेच दाखविण्यात आले. पांढऱ्याशुभ्र तांदळावरून निघून गेलेल्या कोंड्याबरोबर जी पोषकद्रव्ये जातात, त्यांच्या अभावी बेरीबेरीसारखा विकार होतो, हे तोवर वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले होते. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगन चूल यांची घडण याच विचाराने झाली, जरी त्यांपैकी दिवा रॉकेलच्या कंदिलापुढे टिकला नाही.

येथे कुमारप्पांनी केलेली एक मांडणी समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढचे काम समजत नाही. राहणीमान उच्च की नीच, असे मोजण्याची अर्थशास्त्राची रीत त्यांना अमान्य होती. त्यांच्या मते राहणी गुंतागुंतीची असते किंवा साधी असते, आणि गुंतागुंतीची राहणी खालच्या दर्जाची व साधी राहणी वरच्या दर्जाची असू शकते. गरजा वाढल्याने माणसाची योग्यता वाढते असे मानायचे झाल्यास गांधीजींचे राहणीमान खालचे ठरते, आणि हा निष्कर्ष कोणालाच मान्य होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुंतागुंतीची राहणी माणसाला वस्तूंच्या देखभालीत आणि त्या मिळविण्याच्या धडपडीत अडकवते, त्याचे पैसे संपतात त्याआधी त्याचे लक्ष संपते, आणि ते दुसऱ्या कशाला उरत नाही. ही मांडणी चमकदार आहे, परंतु साध्या राहणीलाही लक्ष आणि वेळ द्यावा लागतो, हे तीत पुरेसे येत नाही. ते नालवाडीत विनोबांच्या प्रयोगातून समोर आले.

विनोबा भावे १९२१ पासून वर्ध्यास होते. नालवाडीत असताना, १९३५ च्या सुमारास, त्यांनी असे ठरविले की सुताच्या मजुरीवर जगणाऱ्या कत्तिणीला जेवढे मिळते तेवढ्यावरच स्वतः जगून पाहायचे, आणि त्यासाठी रोज चार गुंड्या सूत कातायचे. गुंडी म्हणजे सुताचे ठरावीक मोजाचे वेटोळे. चार फुटांचा एक तार, असे ६४० तार झाले की एक गुंडी होते, म्हणजे सुमारे साडेआठशे वार सूत. सराव झालेल्या हाताला साध्या चरख्यावर गुंडीला दोन तासांच्या आसपास लागतात, तेही पेळू, म्हणजे कातण्यासाठी केलेल्या कापसाच्या वळ्या, चांगले पिंजलेले असतील आणि चरख्याची चाती सरळ असेल तर. पेळूत गाठ असली की सूत तुटते, तुटले की सांधावे लागते, आणि सांधण्यात गेलेला वेळ मजुरीत धरला जात नाही. मध्यम विणीच्या एक वार कापडाला अशा साडेतीन-चार गुंड्या लागतात, म्हणजेच विणकराचा हात लागण्यापूर्वीच वारभर कापडामागे कताईचा जवळजवळ अख्खा दिवस गेलेला असतो. हा हिशेब एकदा हाताने केला की अंगावरच्या कपड्याकडे पाहण्याची नजर बदलते, आणि धोतराची पाचवी जोडी घेण्याची इच्छा उपदेशावाचून कमी होते. विनोबांच्या प्रयोगाचा हा एक परिणाम. दुसरा परिणाम अधिक अवघड होता. इतके काम करूनही मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पुरेसे पोषण होत नव्हते, आणि ज्या खादीला देशभक्तीचे वस्त्र म्हणून गौरविले जात होते ती कत्तिणीच्या अर्धपोटी श्रमावर स्वस्त राहिली होती.

१९३५ मध्येच गांधीजींनी खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघासमोर जीवनवेतनाचा, म्हणजे कामकऱ्याला किमान पोटभर जगता येईल इतक्या मजुरीचा, प्रश्न आग्रहाने मांडला आणि संघाने कताईचे दर वाढविले. दर वाढताच खादी महागली, विक्रीच्या भांडारांत कुरकुर सुरू झाली आणि चळवळीतल्या अनेक हितचिंतकांना हा निर्णय अव्यवहार्य वाटला. परंतु त्या कुरकुरीतून जे उघड झाले ते दडवण्यासारखे नाही: ग्राहकाला साधी वस्तू हवी होती, तिची पूर्ण किंमत नको होती. उपभोगवादाचा दोष केवळ पुष्कळ वस्तू घेण्यात आहे, असे मानणाऱ्यांना या प्रसंगाचे उत्तर देता येत नाही. मोजक्याच वस्तू घेणारा माणूसदेखील त्या दुसऱ्याच्या स्वस्त श्रमावर घेत असेल, तर त्याच्या साधेपणाचा बोजा दुसऱ्याच्या पाठीवर असतो.

ती पाठ बहुधा बाईची असते. ग्रामोद्योग संघाने जात्यावरच्या पिठाचा आणि हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तेव्हा पहाटे उठून दळण कोण दळणार, हा प्रश्न खेड्यातल्या घरात फारसा चर्चिला गेला नाही, कारण त्याचे उत्तर घरातल्या सर्वांना ठाऊक होते. गिरणी आली तेव्हा बायकांनी डोक्यावर दळणाची पाटी घेऊन आनंदाने तिचा रस्ता धरला, आणि त्यांचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार जात्याला हात न लावलेल्या कोणाला नाही. आश्रमांत मात्र पुरुषही दळीत, सडीत, भांडी घाशीत आणि पाखाने साफ करीत, ही त्या प्रयोगांची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल. मगनवाडीतली मंडळी जवळच्या सिंदी गावात जाऊन रोज सकाळी मैला उचलीत. त्यात गांधीजींचे चिटणीस महादेव देसाई होते, त्यांच्या शिष्या मीराबेन होत्या. पुष्कळ दिवस गेले तरी गावकरी स्वतः त्या कामाला हात लावीनात, उलट आपसूक सोय झाली म्हणून निश्चिंत झाले. साधे जीवन उदाहरणाने पसरते ही समजूत सिंदीत खोटी ठरली, कारण पाहणाऱ्यांच्या मनात त्या कामाची जात ठरलेली होती.

याच मुद्द्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका लक्षात घ्यावी लागते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी गांधीवादी अर्थकारणावर असा आक्षेप घेतला की, यंत्रामुळेच माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती संभवत नाही. यंत्र नाकारून सर्वांना अंगमेहनतीकडे परत नेणे म्हणजे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त अंगमेहनतच केली त्यांना तेथेच जखडून ठेवणे होय. यंत्राच्या वापरात दोष असतील तर ते समाजरचनेचे दोष आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. साध्या राहणीचे समर्थक या आक्षेपाला बहुधा बगल देतात, आणि तसे करून स्वतःचीच बाजू कमजोर करतात. ज्याच्याजवळ मुळात काही नाही त्याला कमी वस्तूंत सुख आहे असे सांगणे हे उद्धटपणाचे आहे. निवडीला अर्थ येतो तो जवळ निवडण्याजोगे दुसरे काही असेल तेव्हाच. साबरमतीच्या आश्रमात काही काळ राहिलेले आणि खादीच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिलेले अमेरिकी लेखक रिचर्ड ग्रेग यांनी १९३६ मध्ये स्वेच्छेच्या साधेपणावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी स्वेच्छेवर भर दिला तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. बाकी सर्व सोडता येते पण पुस्तके सोडवत नाहीत, अशी अडचण ग्रेग यांनी गांधीजींपुढे मांडली, तेव्हा जोवर त्यांतून आतून बळ मिळते तोवर ती सोडू नयेत, असा सल्ला त्यांना मिळाला. मन मारून केलेला त्याग पुढे वसूल केला जातो, हे त्या सल्ल्यामागचे शहाणपण होते.

सेवाग्रामचा अनुभव याहून संमिश्र आहे. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगावात गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस राहावयास गेले. रेल्वेमार्गावरील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. तेथील घरे माती, बांबू आणि देशी कवेलू अशा आसपास मिळणाऱ्या सामानाची आणि गावच्या कारागिरांच्या हातची असावीत, हा दंडक पाळला गेला, आणि आज बापूकुटी म्हणून ओळखले जाणारे घर मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेले होते. त्या घराची भिंत हाताने लिंपलेली आहे, फडताळे भिंतीतच काढलेली आहेत, आणि साप पकडून दूर नेऊन सोडण्याचा लाकडी चिमटा व पिंजरा आजही पाहावयास मिळतो. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत या कुटीत बसून राहिले आणि नंतर तेथील परिषदेत त्याच कुटीवर बोलले. माणूस स्वतःला वस्तूंनी भरलेल्या जागेत कोंडून घेतो आणि त्या वस्तूंवर विसंबून हळूहळू पंगू होतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. हे सर्व मान्य केले तरी त्याच परिसरात व्हाइसरॉयशी थेट बोलता यावे म्हणून बसविलेला टेलिफोन होता, देशभरातून येणाऱ्या पाहुण्यांची रांग होती, आणि आश्रमाचा गाडा जमनालाल बजाजांसारख्या धनिकांच्या देणग्यांवर चालत होता. गांधीजींना गरीब ठेवण्याला फार पैसा लागतो, अशा आशयाची सरोजिनी नायडूंची थट्टा प्रसिद्ध आहे. ती थट्टा खरी होती आणि ती गांधीजींच्या गोटातल्याच व्यक्तीने केलेली होती. मात्र तिच्यातून निघतो तो निष्कर्ष साधेपणाच्या विरुद्ध जात नाही, देणगीच्या विरुद्ध जातो. दुसऱ्याच्या नफ्यावर उभा असलेला साधेपणा त्या नफ्याला प्रश्न विचारू शकत नाही.

हा गुंता सोडविण्याचा सर्वांत धीट प्रयत्न विनोबांनी पवनारला केला. धाम नदीच्या काठी, वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या या ठिकाणी ते १९३८ पासून राहत होते. १९५० च्या सुमारास काही तरुणांना बरोबर घेऊन त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. कांचनमुक्ती म्हणजे देणगीचा पैसा बंद, आणि होता होईल तो पैशाचा व्यवहारच बंद. जे पिकेल ते खायचे आणि जे कातले जाईल ते नेसायचे. बैलांच्या जागी माणसांनी स्वतःला जुंपून करायच्या शेतीला ऋषिशेती असे नाव होते. विहिरीवरचा रहाट तरुण आणि विनोबा स्वतः आळीपाळीने ओढीत, आणि पाण्याचा एकेक पोहरा किती पावलांनी वर येतो ते पायांना कळत असल्याने पाणी कोठे सोडायचे याचा विचार बारकाईने होई. हा प्रयोग लवकरच खंडित झाला, कारण १९५१ च्या मार्चमध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पायी निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान मागण्याच्या चळवळीचा, आरंभ झाला आणि पुढची तेरा वर्षे ते चालतच राहिले. प्रयोग आणखी दहा वर्षे चालला असता तर त्याविषयी नक्की काही म्हणता आले असते. एक-दोन हंगामांवरून शेतीविषयी निर्णय देणे कोणत्याही कुणब्याला मान्य होणार नाही. तथापि १९५९ मध्ये त्याच जागी स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात स्त्रियांनी सामूहिक जीवन चालविले, शेती, स्वयंपाक, सफाई आणि ‘मैत्री’ या हिंदी मासिकाचे काम आपसात वाटून घेतले, निर्णय सर्वांच्या संमतीने घेण्याचा शिरस्ता पाळला, आणि ते काम पिढी बदलूनही चालू राहिले. पुरुषांनी गाजवलेल्या अल्पायुषी प्रयोगांपेक्षा या बायकांच्या दीर्घ आणि फारशा न गाजलेल्या कामातून साध्या राहणीविषयी अधिक शिकण्यासारखे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. एकट्या माणसाचे साधेपण त्याच्या उत्साहाइतकेच टिकते. वाटून घेतलेले काम आजारपणातून, कंटाळ्यातून आणि म्हातारपणातूनही पुढे सरकते.

स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या काँग्रेसजनांनी कुमारप्पांचा आदर केला आणि त्यांचा मार्ग सोडला. १९५३ मध्ये खादी-ग्रामोद्योग मंडळ आणि पुढे आयोग आला, अनुदान आले, आणि ग्रामोद्योग हे स्वतंत्र अर्थव्यवस्थेचे बीज न राहता गिरणीच्या अर्थव्यवस्थेतील एक सवलतीचे खाते झाले. कुमारप्पा वर्ध्याजवळच्या सेलडोहला काही काळ शेतीच्या कामात राहून नंतर तमिळनाडूतील कल्लुपट्टीस गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी वारले. १९७३ मध्ये ई. एफ. शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक गाजले तेव्हा त्यातील बौद्ध अर्थशास्त्रावरील प्रकरणात कुमारप्पांचा आधार घेतलेला पाहून अनेक भारतीय वाचकांना हे नाव प्रथमच कळले. महाराष्ट्रात हा धागा अगदी तुटला असे नाही. अभियंत्याची नोकरी सोडून रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील कुडावळे येथे वस्तीस गेलेले दिलीप कुलकर्णी आणि पौर्णिमा कुलकर्णी यांनी पर्यावरणाच्या अंगाने तो पुन्हा उचलला आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आणि ऊर्जेचा विचार मराठी वाचकांपुढे सातत्याने ठेवला.

शहरात मात्र दुसरेच घडले आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत आज लाकडी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि नैसर्गिक रंगांची खादी या वस्तू देखण्या बाटल्यांतून आणि कापडी पिशव्यांतून नेहमीच्या मालाच्या दीडपट-दुपटीने विकल्या जातात, आणि त्या घेणाऱ्या घरात रिफाइंड तेलाचा डबा, मायक्रोवेव्ह, दोन गाड्या आणि त्यांचे हप्ते पूर्वीप्रमाणेच असतात. घाणा बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारीवर फिरतो. त्यात वावगे काही नाही, बैलाची सुटकाच झाली. प्रश्न पेंडीचा आहे. ती कोठे जाते, बी कोणत्या गावाहून आले, ते पिकविणाऱ्याच्या पदरात त्या बाटलीच्या किमतीतले किती पडले आणि बाटली भरणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळाले, हे बाटलीवरच्या मजकुरात नसते आणि विचारणाराही क्वचित भेटतो. कुमारप्पांच्या कसोटीने पाहिल्यास ही साधी राहणी नव्हे, तो बाजारातला आणखी एक महागडा माल आहे. ज्यांना यातून बाहेर पडायचे असेल त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंच्या मागे एकदम लागू नये. वर्षभर एकाच वस्तूचा, तेलाचाच म्हणा, बी पेरल्यापासून पेंड जनावराच्या पुढ्यात पडेपर्यंतचा हिशेब स्वतः माहिती काढून लिहावा, आणि तो घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाबरोबर बसून लिहावा. अशा हिशेबाला उपयोगी पडेल असे मगनवाडीतले मगन संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडले गेले आणि ते वर्ध्यात आजही चालू आहे. ग्रामोद्योगांची अवजारे तेथे पाहावयास मिळतात.